पार्टीचा होकार लिहून घ्या

नगरमध्ये छोट्या जाहिरात एजन्सीत नोकरी धरली की पद काहीही असो, काम सगळंच पडतं. मी सावेडीतल्या अशाच एका चार-पाच माणसांच्या ऑफिसात डिझायनर म्हणून लागले. महिनाभरात मजकूर लिहिणं, सोशल मीडियावरची पेजं सांभाळणं, दुकानदाराकडून मॅटर आणणं, फ्लेक्स छापून घेणं असं सगळं अंगावर आलं. शिकायला याहून चांगली जागा नाही, असं मी आजही नव्या मुलामुलींना सांगते. पण इथला कारभार तोंडी चालतो आणि त्याचा भुर्दंड सगळ्यात धाकट्यावर पडतो, हेही सांगितलं पाहिजे.

वाढदिवसाचा बोर्ड घ्या. वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची नावं. कोणाचा फोटो आधी, कोणाचं नाव वरच्या ओळीत, यावर रात्री उशिरापर्यंत फोन चालतात. मग पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, म्हणते, ‘टाका छापायला.’ फाईल कोरलड्रॉमध्ये, अक्षरं श्रीलिपी फॉन्टमध्ये. अक्षरांचं आकारात रूपांतर (कर्व्ह) न करता फाईल पाठवली तर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटू शकतात. सकाळी बोर्ड चौकात लागतो आणि भांडण सुरू होतं. आमच्याकडे फेरछपाईचे पैसे एका मुलाच्या पगारातून कापले गेले. त्याचं काम चोख होतं. पार्टीने फोनवर फोटोंचा क्रम बदलायला लावला होता, पण त्याचा कागद कुठेच नव्हता. म्हणून प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘प्रूफ तपासलं, छापा’ एवढं लेखी आल्याशिवाय फाईल सोडू नका. पार्टी कुरकुर करेल, पण लिहून देते.

ॲडमिशनचा सीझन याहून जड. क्लासवाले येतात, ‘निवडीची हमी’ मोठ्या टायपात हवी म्हणतात आणि गुणवंतांच्या फोटोंचा गठ्ठा देतात. त्यातली एखादी मुलगी पारनेरच्या कुठल्याशा वाडीवरची असते. तिला किंवा तिच्या आईबापांना कोणी विचारलेलं नसतं. तो बोर्ड बघून दुसऱ्या कोणाचा तरी बाप उसनवारी करून फी भरतो. मला याचा फार त्रास व्हायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची हमी देणं आणि यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरणं त्यात मना आहे. ‘आम्ही फक्त डिझाईन करतो’ ही सबबही चालत नाही. फसव्या जाहिरातींविरुद्धची 2022 ची तत्त्वं जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. तेव्हा मजकुराबरोबर संमतीपत्रं मागा. देत नसतील तर मालकाला तसा मेसेज करा आणि तो मेसेज जपून ठेवा.

पगाराचं दुखणं वेगळंच. दिवाळीच्या जाहिरातीचं पेमेंट गुढीपाडव्यापर्यंत रखडतं आणि मालक म्हणतो, ‘पार्टीचे आले की देतो.’ मालकही अडचणीत असतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या हातात उपाय आहे. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी फुकट होते. ती असली तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. ही मुदत चुकली की त्या खर्चाची आयकरातली वजावट पार्टीला प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. 1 एप्रिल 2024 पासून हा नियम लागू झाल्यावर पार्टीच्या सीएलाही तारखा बघाव्या लागतात. मालकाला हे सांगा.

स्वतःचंही बघा. ईएसआयला साधारण दहा माणसं लागतात, पीएफला वीस. चार माणसांच्या ऑफिसात बहुधा दोन्ही नसतं. म्हणून नेमणूकपत्र मागा, पगार बँकेतच घ्या आणि रविवारच्या कामाचं काय, हे आधीच बोलून मेसेजवर पक्कं करा. मुलींनी रात्रीच्या छपाईचंही आधीच ठरवावं. अकरा वाजता सावेडीहून केडगावला एकटीने जायचं असेल तर गाडीची सोय कोण करणार?

आणि पेजवरची पोस्ट बूस्ट करण्याचे पैसे स्वतःच्या कार्डावरून भरू नका. ‘तू भर, संध्याकाळी देतो’ म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीचे पैसे तिने नोकरी सोडली तरी अडकलेलेच होते. पार्टीचं पेजही तिच्याच नंबरवर उघडलेलं, त्यामुळे नवी नोकरी लागल्यावरही तिला पासवर्डसाठी फोन येत राहिले. पेज पार्टीच्या नंबरवर उघडा, आपल्याला फक्त ॲडमिन करून घ्या आणि नोकरी सोडताना ॲडमिनपद काढल्याचा मेसेज मालक आणि पार्टी दोघांनाही पाठवा.