सजीव व निर्जीव घटकांचा परस्परसंबंध : लोणार सरोवराचा पाठ

परिसंस्थेचा पाठ शिकविताना फळ्यावर दोन रकाने आखले जातात. एकात माती, पाणी, हवा, प्रकाश. दुसऱ्यात झाडे, पशुपक्षी, कीटक. मुले याद्या पाठ करतात व पाठ संपतो. परंतु या दोन रकान्यांमध्ये जो संबंध आहे, तोच या पाठाचा गाभा होय. तो समजावून देण्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे उत्तम उदाहरण आहे.

अशनीच्या आघाताने काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर निर्माण झाले. झरे व पाऊस यांचे पाणी आत येते. परंतु बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. ते केवळ वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट व अल्कधर्मी बनले आहे. विहिरी-तळ्यांत सहज वाढणारे मासे अशा पाण्यात तग धरू शकत नाहीत. नील-हरित शेवाळे मात्र विपुल वाढते. काठाच्या उतारावर, जेथे गोड्या पाण्याचे झरे आहेत, तेथे निराळीच वनस्पती दिसते. कोणी जगावे हे येथे निर्जीव घटकांनी ठरविले आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी उतरून क्षारांचे प्रमाण वाढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. पुढे पावसाने पाणी सौम्य झाले व रंग ओसरला. वर्गास विचारावे : पाणी बदलल्यामुळे जीव बदलले, की जीवांमुळे पाणी बदलले? दोन्ही उत्तरे खरी आहेत. क्षार वाढले म्हणून ते जीव वाढले. आणि ते वाढले म्हणून पाण्याचा रंग पालटला.

लोणार दूर असले तरी हा धडा शाळेच्या अंगणात करून पाहता येतो. दोन वाट्यांत ओल्या फडक्यावर मटकी ठेवावी. एकीत साधे पाणी शिंपडावे, दुसरीत एका पेल्यास एक चमचा या प्रमाणात मीठ घातलेले पाणी. तीन दिवस नोंद ठेवावी. मिठाच्या वाटीत मोड येण्यास अडथळा झालेला मुलांना स्वतःच दिसेल. त्यानंतर दुपारी वडाखालची व उघड्या पटांगणातील माती हातात घेऊन पाहावी. पाचोळ्याखालील माती थंड व ओलसर लागते. झाडाने मातीस कसे बदलले, हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

शिक्षकांनी एवढेच पाहावे की मुलाने यादी सांगितल्यावर 'म्हणून' हा शब्द वापरला काय. 'पाणी खारट आहे, म्हणून तेथे विहिरी-तळ्यांतले मासे सहज वाढत नाहीत', असे जो म्हणतो त्यास पाठ समजला. हेच मूल उद्या गावच्या तळ्यात सांडपाणी सोडताना पाहील, तेव्हा त्यातील मासे व बेडूक यांचे पुढे काय होणार हेही ते विचारील. हा प्रश्न विचारणारी पिढी घडविणे, हेच या पाठाचे खरे फलित होय.