वाचता येणे आणि उमगणे

मुलास अक्षरे वाचता आली म्हणजे तो साक्षर झाला, असे आपण समजतो. वर्गातला आमचा अनुभव निराळा आहे. एकदा आम्ही फळ्यावर लिहिले, "निवडणुकीत त्या पक्षाचे पानिपत झाले." सर्वांनी वाक्य अस्खलित वाचले. अर्थ विचारताच एक हुशार मुलगा म्हणाला, "त्या पक्षाने पानिपत जिंकले!" अक्षरांत त्याची चूक नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा केवढा संहार झाला, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा नव्हे. १९७९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय व अमेरिकन वाचकांस दोन विवाहांची वर्णने वाचावयास दिली होती. एक भारतीय विवाहाचे, दुसरे अमेरिकन. ज्याने त्याने आपल्याकडील विवाहाचे वर्णन अधिक लवकर वाचले व अधिक ध्यानात ठेवले. अमेरिकन वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तिकडे ही कौतुकाची गोष्ट. एका भारतीय वाचकाने मात्र पोशाख फार जुनाट होता, असा अर्थ घेतला. शब्द कळले, रीत कळली नाही.

ह्या जाणतेपणास सांस्कृतिक साक्षरता म्हणतात. ती म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. आम्ही मुसलमान घरात वाढलो. 'भगीरथ प्रयत्न' हा शब्द शाळेत भेटला, तेव्हा गुरुजींनी गंगावतरणाची कथा सांगितली. त्या कथेने आमच्या नमाजात काही उणे आले नाही. मराठी मात्र आमची झाली. त्याचप्रमाणे पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला, हे हिंदू मुलासही ठाऊक हवे. ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे का येते, हेही हवे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक मास धरीत नाहीत. पंचांगात तो धरतात, म्हणून दिवाळी आपला ऋतू सोडीत नाही. एवढे कळले की शेजाऱ्याचा सण परका वाटत नाही.

आपल्या बडोद्यास ही दृष्टी नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण नुसत्या अक्षरओळखीवर ते थांबले नाहीत. १९१० साली बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास आणवून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, पेट्यांतून गावोगाव पुस्तके फिरविली. शिकलेल्याच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिक्षण विरून जाते, हे त्यांनी ओळखले होते.

आज आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत बहुधा गुजराती वा इंग्रजीतून शिकतात. मराठीच्या पाठीमागचे संदर्भ त्यांना शाळेत मिळतीलच असे नाही. ते घरातूनच मिळाले पाहिजेत. त्यासाठी फार खटाटोप नको. रोज रात्री जेवणानंतर एक म्हण किंवा एक वाक्प्रचार घ्यावा. त्यामागची गोष्ट आजीआजोबांनी सांगावी, स्थळ नकाशात दाखवावे, मुलाने ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे. वर्षाअखेर तीनशेंवर गोष्टी जमतील.

संस्थेच्या महोत्सवानिमित्त प्रत्येक घरी अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच पालकांस आमची विनंती आहे. आजीआजोबा आहेत तोवरच ती भरून घेता येईल.