वसंत संपात आणि शाळेच्या अंगणातील काठी

‘सूर्य पूर्वेस उगवतो’ हे वाक्य प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. तथापि काटेकोरपणे पाहिल्यास हे विधान वर्षातून दोनच वेळा खरे ठरते : २० किंवा २१ मार्चच्या सुमारास वसंत संपाताच्या दिवशी आणि २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास शरद संपाताच्या दिवशी. जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उज्जैन येथे सूर्योदयाचे स्थान पूर्वबिंदूपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेले असते. डिसेंबरात ते तितकेच दक्षिणेकडे जाते. शेतावर जाणाऱ्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु पुस्तकात वेगळे लिहिलेले असल्याने ते बोलून दाखविण्याचे धैर्य त्यास होत नाही. पाहिलेले आणि पाठ केलेले यांतील हे अंतर दूर करण्यास वसंत ऋतूतील हा एक दिवस अत्यंत उपयुक्त आहे.

उज्जैनची वेधशाळा

प्राचीन भारतीय ज्योतिषात रेखांशांची गणना उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासून होत असे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी क्षिप्रेच्या काठी येथे वेधशाळा उभारली. कालांतराने तिची पडझड झाली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पंडित नारायणजी व्यास आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक गो. स. आपटे यांचे प्रयत्न त्यामागे होते. श्री जिवाजी वेधशाळा या नावाने ती ओळखली जाते.

तेथील सम्राट यंत्राच्या भिंतीचा चढ क्षितिजाशी सुमारे २३ अंशांचा कोन करतो. उज्जैनचे अक्षांशही तितकेच आहेत. नाडीवलय यंत्राच्या उत्तर बाजूवर सहा महिने आणि दक्षिण बाजूवर सहा महिने ऊन पडते. संपाताच्या दिवशी ही बाजू बदलते. शंकू यंत्र तर सपाट ओट्यावर मध्यभागी उभा केलेला एक खांब आहे. या शेवटच्या यंत्राची प्रतिकृती कोणत्याही लहान शाळेस विनाखर्च करता येते.

कृती

अंगणातील सपाट जागा निवडून सारवून घ्यावी. जमिनीवर बरोबर १ मीटर राहील अशी सरळ काठी पुरावी व ती उभी आहे की नाही हे ओळंब्याने तपासावे. सकाळी आठ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवावा. इतर दिवशी हे खडे वक्र रेषेत पडतात. संपाताच्या दिवशी मात्र ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. खड्यांवरून सुतळी ताणून धरली की ती पूर्व-पश्चिम दिशा दाखविते.

उन्हाळ्यात अनेक ठिकाणी शाळा सकाळची असते. उज्जैन येथे या दिवशी सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात सुमारे १२ वाजून ३४ मिनिटे झालेली असतात. तोपर्यंत मुलांना थांबवून ठेवण्याची गरज नाही. काठीच्या बुंध्यापासून सुतळीपर्यंत काटकोनात अंतर मोजले की तीच मध्यान्हीच्या सावलीची लांबी होय. काटकोनासाठी कागदाला दोन घड्या घातल्या तरी पुरते. मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना आरंभीच द्यावी.

सावली काय सांगते ?

१ मीटर काठीची ही सावली उज्जैन येथे सुमारे ४३ सेंटिमीटर भरते. नागपूर येथे ती ३९, पुणे येथे सुमारे ३३ व कोल्हापूर येथे ३० सेंटिमीटर भरेल. दक्षिणेकडे जावे तसतशी सावली आखूड होते. चौथीच्या मुलांनी १० सेंटिमीटर उभी व ४.३ सेंटिमीटर आडवी रेघ काटकोनात काढून त्यांची टोके जोडावीत. वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजल्यास तो २३ अंशांच्या आसपास येतो. हेच आपल्या गावाचे अक्षांश. नकाशावरील आडव्या रेषा कोठून आल्या, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

एकशिक्षकी शाळेत कामाची वाटणी

पहिली-दुसरीच्या मुलांनी खडे ठेवावेत व मोजावेत. तिसरीच्या मुलांनी वेळ सांगावी व लांबी मोजावी. चौथीच्या मुलांनी तक्ता भरावा. चारही वर्ग एकाच काठीभोवती काम करीत असल्याने शिक्षकास एका वर्गास शिकविताना दुसऱ्यास स्वस्थ बसवावे लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीफलकावर मुलांनी स्वतःच्या शब्दांत वृत्त लिहावे. पळस केव्हा फुलला, आंब्याला मोहोर केव्हा आला, कोकीळ प्रथम केव्हा ऐकू आली, या नोंदीही तेथे तारखेसह याव्यात. संपातानंतर मध्यान्हीची सावली रोज सुमारे ८ मिलिमीटरने आखूड होत जाते. आठवड्यातून एकदा ती मोजल्यास वार्षिक परीक्षेपर्यंत एक सुबक आलेख तयार होतो. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी निकट असल्याने तेथे २१ जूनच्या सुमारास ही सावली जवळजवळ नाहीशी होते.

चूक झाल्यास

एखाद्या शाळेत लांबी ४३ ऐवजी ४६ सेंटिमीटर येईल. अशा वेळी शिक्षकाने तक्त्यातील आकडा खोडून पुस्तकातील आकडा लिहू नये. काठी कलली होती काय, जमीन उताराची होती काय, सुतळी सैल होती काय, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. सवाई जयसिंहांनी फ्रेंच ज्योतिषी ला हायर यांची कोष्टके मागवून ती प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. कोष्टक दूरदेशीच्या विद्वानाचे आहे म्हणून त्यांनी ते जसेच्या तसे मान्य केले नाही. स्वतः मोजलेला आकडा प्रामाणिकपणे लिहून ठेवावा आणि त्याची पुन्हा तपासणी करावी, ही सवय आठ-नऊ वर्षांच्या मुलास लागली, तर अंगणातील त्या काठीचे काम झाले असे समजावे.