पडीक जागेचे अंगण

नेदरलँड्स देशातील ॲम्स्टरडॅम हे कालव्यांचे सुंदर शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षे ते जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे अन्न मिळेना, कोळसा मिळेना. त्या कडाक्याच्या थंडीत लोकांनी रस्त्यांवरील झाडे तोडली. एवढेच नव्हे, तर ओस पडलेल्या घरांच्या तुळया, दारे आणि जिनेही सरपणासाठी काढून नेले. ही घरे बहुतांशी ज्यू कुटुंबांची होती. नाझी राजवटीने त्या कुटुंबांना पकडून छळछावण्यांत धाडले होते. त्यांतील फारच थोडी माणसे परत आली. आधार नाहीसा झाल्यामुळे कित्येक घरे कोसळली. युद्ध संपले तेव्हा जुन्या वस्तीत जागोजागी पडीक जागा दिसू लागल्या.

शहरात मुले पुष्कळ होती, परंतु त्यांना खेळावयास जागा नव्हती. जी क्रीडांगणे होती, ती बहुतेक खाजगी मंडळांची. त्यांभोवती कुंपण असे आणि सभासदांच्या मुलांनाच आत प्रवेश मिळे. नगररचना खात्यातील याकोबा मुल्डर या विदुषींना वाटले, की प्रत्येक वस्तीत सर्वांना मोकळे असे एक क्रीडांगण असावे. हे काम त्याच खात्यातील आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुशिल्पज्ञाकडे आले.

१९४७ साली बेर्टेलमानप्लाइन नावाच्या लहानशा चौकात पहिले क्रीडांगण तयार झाले. त्यात थाटमाट काहीच नव्हता. एका कोपऱ्यात रुंद काठाचा वाळूचा हौद, हौदात चार गोल दगड, समोरच्या बाजूस कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी दांडे आणि कडेने झाडे व बाके. हौदाच्या काठावर मुले वाळूचे किल्ले रचीत, धावत, तर कधी थोरांच्या मांडीला मांडी लावून बसत. हत्तीघोड्यांच्या आकाराची खेळणी आइक यांनी मुद्दामच ठेवली नाहीत. घोडा हा घोडाच राहतो. साधा दगड मात्र मुलाच्या मनात आले तर किल्ला होतो, बेट होते वा दुकानही होते. आणि कुंपण? तेही नव्हते. अंगण रस्त्यात मिसळलेले होते.

हे पाहून शेजारपाजारचे नागरिक पुढे सरसावले. “आमच्याही वस्तीत अशी एक जागा रिकामी पडली आहे, तेथे मुलांसाठी काही करावे,” अशा आशयाची पत्रे नगरपालिकेकडे येऊ लागली. जागा लोकांनी दाखवावी आणि रचना आइक यांनी करावी, असे अनेकदा घडले. प्रत्येक जागेचा आकार निराळा, म्हणून रचनाही निराळी. डाइकस्ट्राट या जुन्या गल्लीत दोन घरांमधील अरुंद पट्टीवरही १९५४ मध्ये क्रीडांगण उभे राहिले. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली.

बर्फ पडला म्हणजे सारे शहर मुलांचे होते, असे आइक म्हणत. गाड्या थांबतात, रस्ते ओळखू येत नाहीत आणि मुलेच नगराची राजे बनतात. परंतु बर्फ वितळतो. म्हणून मुलांना बर्फाहून टिकाऊ असे काही द्यावे, ही त्यांची तळमळ होती.

पुढे शहर बदलले आणि यांपैकी बहुतेक क्रीडांगणे नाहीशी झाली. थोडी मात्र अद्याप उरली आहेत. जी माणसे त्या घरांत परत आली नाहीत, त्यांची उणीव कोणतेही क्रीडांगण भरून काढू शकत नाही. परंतु उद्ध्वस्त जागेचे करावे काय, याचे एक उत्तर त्या नगराने शोधले. वाळू, दगड आणि चार लोखंडी दांडे एवढ्या सामग्रीवर त्याने मुलांना त्यांचे अंगण परत दिले.

स्वाध्याय
१. जुन्या वस्तीत पडीक जागा कशामुळे निर्माण झाल्या?
२. आइक यांनी हत्तीघोड्यांच्या आकाराची खेळणी का ठेवली नाहीत?
३. शाळेच्या पटांगणाचा कोणता कोपरा उपयोगात नाही, ते पाहा. तेथे काय असावे, हे पटांगणात खेळणाऱ्या लहान मुलांना विचारून दहा ओळींत लिहा.