क्लचची तार पुन्हां पुन्हां कां तुटते?

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगांव व पिरंगूट मागें टाकीत मुठा खोऱ्यांत गेलेली सडक टेमघर धरणापाशीं एकाएकीं चढूं लागते, आणि घाटमाथा पार होतांच मोसे नदीवरील वरसगांव जलाशयाच्या कांठीं लवासा दृष्टीस पडतें. सुटीच्या दिवशीं या वाटेनें हौशी मंडळी आपल्या हलक्या स्पोर्ट्स मोटारी फिरवीत असतात. अशा एखाद्या मोटारीचें क्लचचें पेडल ऐन वळणावर निर्जीवपणें खालीं जाऊन बसतें. मागें प्रवाशांनीं भरलेली बस, बाजूस दरी आणि दिवस आषाढाचे! तुटलेली तार थोड्या रुपयांची, परंतु तिच्यावर त्या क्षणीं कांहीं माणसांचे प्राण अवलंबून असतात. मिस्त्री नवी तार घालून देतो व चार महिन्यांनीं तीही तुटते. मग मालक तार बनविणारास दोष देतो. आमच्या मतें हा दोष बहुधा चुकीच्या जागीं दिलेला असतो.

ही केबल कशी चालते तें प्रथम पाहूं. अर्नेस्ट बाउडेन यानें १८९६ मध्यें या रचनेचें पेटंट घेतलें. आंत पीळदार तार, बाहेर पोलादी वेटोळ्यांचें आवरण. तार जितक्या जोरानें ओढली जाते, तितक्याच जोरानें आवरण दाबलें जातें. म्हणून आवरणाचीं दोन्हीं टोकें पक्कीं टेकलेलीं असलीं पाहिजेत. वडील मंडळींनीं हांकलेल्या गिअरच्या स्कूटरींत हीच युक्ति होती, आणि घरोघरीं परिचित असलेल्या मारुति ८०० मध्येंही क्लच केबलनेंच चाले. इंग्लंडांत कॉलिन चॅपमन यानें १९५७ मध्यें काढलेली लोटस सेव्हन ही हलक्या स्पोर्ट्स मोटारींची जणुं आदिमाता. १९७३ पासून ती केटरहॅम या नांवानें निघते, व तिच्या कित्येक आवृत्त्यांत क्लच केबलचाच आहे. केबल हलकी व सुटसुटीत, म्हणून अशा मोटारींना ती मानवते.

आतां तुटण्याचें कारण. विद्यार्थ्यांस वाटेल कीं, ओढ सहन न होऊन तार तुटत असावी. थोडें गणित करूं. तारेवरील ओढ ४०० न्यूटन व तिच्यांतील सर्व धाग्यांचें मिळून क्षेत्रफळ ३ चौरस मिलिमीटर धरल्यास दर चौरस मिलिमीटरास सुमारें १३३ न्यूटन ताण पडतो. चांगलें पोलाद हा सहज सोसतें. परंतु तार वांकविली म्हणजे निराळाच ताण उत्पन्न होतो. पोलादाचा स्थितिस्थापकत्वाचा गुणक २,००,००० धरून त्यास धाग्याच्या जाडीनें गुणावें व वळणाच्या व्यासानें भागावें. धागा ०.३ मिलिमीटरचा व वळण ६० मिलिमीटर व्यासाचें असेल, तर उत्तर १,००० येतें; व्यास दुप्पट केला तर ५००. म्हणजे तार ओढल्यानें नव्हे, वांकल्यानें मरते. पेडल दाबतांना ती दोनतीन सेंटिमीटर सरकते, त्यामुळें वळणाच्या तोंडाशीं असलेला तेवढाच तुकडा सरळ होतो, वांकतो, पुन्हां सरळ होतो. अशा हजारों आवर्तनांनीं धातु थकतो. जर्मनींत व्होलर यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आंसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हा थकवा सिद्ध केला होता.

म्हणून तुटलेली तार फेंकून देऊं नये. ती साक्षीदार आहे. टोकावर डाखानें बसविलेल्या धातूच्या बोंडापाशींच धागे तुटले असतील, तर तें बोंड पेडलच्या खांचेंत फिरत नाहीं असें समजावें. पेडल वर्तुळांत फिरतें, तार सरळ जाऊं पाहते, आणि अडकलेल्या बोंडाशीं ती दर वेळीं मोडली जाते. खांच साफ करून ग्रीस लावणें हाच येथें उपाय. तार गिअरबॉक्सकडे तुटली असेल, तर तेथील दांडा अर्ध्या फेऱ्यांत असतांना तार त्याशीं काटकोन करते कीं नाहीं, हें पाहावें. एका बाजूनें घासून चकाकत असेल, तर आवरणाचें टोक तिरपें बसलें आहे. हलक्या मोटारींत पेडलसमोरचा पत्रा पातळ असतो. पाय दाबतांना तो डोळ्यांदेखत लवतो. तेथें आंतून जाड पट्टी बसवावी.

वळणांनीं घर्षणही वाढतें. घर्षणांक ०.२ असल्यास एका काटकोनांत ओढ सुमारें १.३७ पट व दोहोंत १.८७ पट लागते. यास्तव केबल मोठ्या, सैल वळणांनीं न्यावी आणि धुराच्या नळीपासून दूर ठेवावी, नाहीं तर आंतील प्लॅस्टिकचें अस्तर वितळून तार चिकटते.

एक कारण मात्र असें आहे कीं, तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इंजिन रबरी पायांवर बसविलेलें असतें आणि रबर वीज वाहूं देत नाहीं. म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत अर्थिंगची जाड पट्टी जोडतात. ती गंजली किंवा काम करतांना जोडावयाची राहिली, तर स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह सांपडेल त्या धातूंतून वाट काढतो, आणि ती वाट पुष्कळदां क्लचची केबल असते! तार तापते, तेल जळतें, अस्तर खराब होतें. परीक्षा सोपी आहे. स्टार्टर फिरत असतांना बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचा ठोकळा यांमध्यें व्होल्टमापक धरावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास आधीं अर्थिंग दुरुस्त करावें. हें न करतां दहा तारा बदलल्या तरी अकरावीही जाईल.

क्लच पुरता सुटल्यावरही पाय जोरानें रेटला तर तो सर्व भार तारेवर पडतो. म्हणून पेडलखालीं योग्य उंचीचा अटकाव बसवावा. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर केबलइतकाच झिजलेल्या क्लचचाही संशय घ्यावा. पावसाळ्यांत आवरणाच्या उघड्या तोंडांतून पाणी आंत शिरतें, तेथें रबरी टोपी असावी. अस्तर नसलेल्या केबलीस तेल द्यावें. अस्तराच्या केबलींत मात्र कारखान्याच्या सूचनेवांचून कांहीं घालूं नये. आणि बसमागें चढ चढतांना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची जी ऐट कांहीं चालक मिरवितात, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्यासाठीं हातब्रेक आहे.

एवढें करूनही तार तुटलीच, तर क्लच आपोआप जुळलेला राहतो हें चालकानें विसरूं नये. उतारावर खालच्या गिअरमध्येंच राहावें, म्हणजे इंजिन गाडीस आवरतें. थांबावयाच्या वेळीं वेग अगदीं कमी करून, एक्सिलरेटर सोडून गिअर काढावा व ब्रेक लावावा. उभी केल्यावर चाकाखालीं धोंडा ठेवावा. जवळची जादा तार लहान वेटोळें करून कोंबून ठेवूं नये. ती मोठ्या वेटोळ्यांतच ठेवावी, नाहीं तर बसविण्यापूर्वींच तिला मुरड पडते.