घरगुती वृक्षोपचार आणि घरातील पाळीव प्राणी : वैद्य व औषधालय चालकांसाठी काही विचार

वृक्षायुर्वेद हा आपल्या शास्त्रपरंपरेचाच एक भाग होय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विषयास स्वतंत्र अध्याय आहे. तर सुरपालाने आपल्या ग्रंथात वृक्षांच्या व्याधींचा विचार वात, पित्त व कफ या दोषांच्या आधारे केला आहे. सुरपालाच्या ग्रंथाचे ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखित मिळवून त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि कुणपजलासारख्या कल्पांची चर्चा पुन्हा सुरू झाली.

आज नांदेड व लातूर येथे गच्चीवर, परसात कुंड्यांमधून भाजी व औषधी वनस्पती लावणारी अनेक कुटुंबे आहेत. तुळशीवर मावा पडला, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की हे लोक आपल्याच औषधालयात विचारणा करतात. आपण मोकळेपणाने उपाय सांगतो. परंतु त्या घरात कुत्रा, मांजर, शेळी वा वासरू आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा प्रश्न उपाय सांगण्यापूर्वी विचारला जावा.

सात्म्य प्रत्येक जातीचे वेगळे

जे द्रव्य मनुष्यास आहार वा औषध, ते प्राण्यासही निर्दोष असेल असे गृहीत धरता येत नाही. लसूण हे याचे ठळक उदाहरण होय. लसूण-मिरचीचा अर्क किडींसाठी सर्रास सांगितला जातो. मात्र लसूण व कांदा यांतील गंधकयुक्त घटकांमुळे कुत्रा व मांजर यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मांजराच्या बाबतीत शरीरभाराच्या दर किलोस सुमारे ५ ग्रॅम, तर कुत्र्याच्या बाबतीत १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायकारक ठरतो. लसूण त्याहून तीव्र आहे. लक्षणे तत्काळ न दिसता काही दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढुरक्या पडणे, मूत्र गडद होणे, अशक्तता. त्यामुळे फवारणीशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

मांजराचे यकृत अनेक सुगंधी व फिनॉलवर्गीय द्रव्यांचे विघटन नीट करू शकत नाही. शिवाय मांजर अंग चाटून स्वच्छ करते, म्हणून अंगास लागलेले द्रव्य पोटात जातेच. कापूर, निलगिरी तेल, फिनाईल वा डांबराच्या गोळ्या कुंडीत टाकून मांजरास दूर ठेवण्याचा उपाय या कारणाने कधीही सांगू नये.

एरंड : तेल वेगळे, पेंड वेगळी

एरंडतैल आपण नित्य विरेचनार्थ देतो. म्हणून एरंडीची पेंडही निरुपद्रवी असावी, असा समज होतो. वस्तुतः बीजातील रायसिन हे तीव्र विष तेलात उतरत नाही. ते पेंडीत शिल्लक राहते. ही पेंड कुत्रे आवडीने खातात. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असल्यास अधिकच. वांत्या, रक्तमिश्रित अतिसार व प्रसंगी मृत्यू हा त्याचा परिणाम होय. प्राणी असलेल्या घरी निंबोळी पेंड सुचवावी व तीही मातीत मिसळून वर मातीचा थर द्यावा.

दशपर्णी अर्क व तंबाखूचा काढा

शेतासाठी केल्या जाणाऱ्या दशपर्णी अर्कात कडुनिंब, निर्गुडी, करंज यांच्याबरोबर धोतरा, रुई, कण्हेर यांचीही पाने पडतात. शेवटची तीन द्रव्ये आपल्या उपविषवर्गातील आहेत, हे वैद्यांना सांगणे नलगे. शेळी वा वासराने कण्हेरीची थोडी पानेही खाल्ली तरी हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. घरच्या बागेसाठी ही तीन द्रव्ये पूर्णतः वगळावीत. तंबाखूचा काढा निकोटीनमुळे सर्वच प्राण्यांना घातक असल्याने तोही टाळावा.

औषधालयातील शेष द्रव्ये

हा मुद्दा औषधनिर्मिती करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. क्वाथाचा चोथा उत्तम खत होतो व तो परसातील खड्ड्यात टाकण्याची प्रथा योग्यच आहे. परंतु कुचला, वत्सनाभ, जयपाळ, भल्लातक, गुंजा यांचा चोथा त्यात मिसळू नये. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, कुचला व वत्सनाभ यांच्या शोधनासाठी वापरलेले गोमूत्र. गोमूत्र झाडांना हितकर, म्हणून ते कुंड्यांत ओतण्याचा मोह होतो. मात्र शोधनात द्रव्याचा विषांश काही प्रमाणात त्या गोमूत्रातच उतरलेला असतो. स्वेदनासाठी वापरलेल्या दुधाचेही तसेच. ते कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागल्यास अनर्थ ओढवतो. ही दोन्ही शेषद्रव्ये वस्तीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावीत.

निर्धोक उपाय

१. भुरी रोगावर : एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांची सकाळी फवारणी करावी.

२. मावा व पिठ्या ढेकणावर : प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे. न गेल्यास ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावे. फवारा वाळेपर्यंत प्राण्यांना दूर ठेवावे. मांजर असल्यास फवारलेली पाने दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवावीत.

३. पोषणासाठी : ५०० ग्रॅम शेण, ५०० मि.ली. गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन व मूठभर माती १० लिटर पाण्यात ४८ तास मुरवून जीवामृत करावे. गूळ व बेसनाच्या वासाने कुत्रे येतात, म्हणून भांड्यावर कापड बांधून वर जड, हवा जाईल असे झाकण ठेवावे. मांस व मज्जायुक्त पारंपरिक कुणपजल मात्र प्राणी असलेल्या घरी करू नये.

४. पाण्याच्या बचतीसाठी : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तांदूळ, डाळी धुतलेले बिनमिठाचे पाणी त्याच दिवशी झाडांना घालावे.

५. राख व अंड्याची टरफले : आपल्याकडील काळ्या जमिनीत चुना मुबलक आहे व ती मूळचीच अल्कधर्मी आहे. तेव्हा या दोहोंची सहसा गरज नाही. ओली राख प्राण्यांच्या पंजांना दाह करते.

खताचा खड्डा नेहमी झाकलेला असावा. बुरशी आलेले अन्न खाल्ल्याने कुत्र्यास कंप व झटके येतात.

विषबाधेची शंका आल्यास

मिठाचे पाणी पाजून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने अपाय वाढतो. प्राण्याने काय, किती व केव्हा खाल्ले याची नोंद करावी, द्रव्याचा नमुना बरोबर घ्यावा व विनाविलंब पशुवैद्यकाकडे जावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे रुग्णांस सांगून ठेवावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. आपण स्वतः औषध देण्याच्या फंदात पडू नये.

युक्तीने योजलेले विषही औषध होते आणि अयुक्तीने दिलेले औषध विष ठरते, हा चरकाचा सिद्धान्त आपण रुग्णापुरता पाळतोच. निंबोळी चूर्णाची पुडी देताना "घरी जनावर कोणते आहे?" एवढे विचारले, तर तो त्या घरातील मुक्या जिवांपर्यंतही पोहोचेल.