मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र

मृत्युपत्राचा विषय घरात काढणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, विहिरीचे खोदकाम यांची तजवीज आधीपासून करणारा कुटुंबप्रमुख या एका बाबतीत मात्र मौन पाळतो. त्या मौनाची किंमत त्याच्या पश्चात पत्नीला व मुलांना मोजावी लागते. ७/१२ वरील वारसनोंदीस हरकत येते, फेरफार अडून राहतो आणि एका घरात वाढलेली भावंडे दिवाणी न्यायालयात परस्परांकडे पाठ फिरवून बसतात.

वास्तविक कायद्याची अपेक्षा फार मोठी नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सज्ञान व स्थिरबुद्धी असलेल्या कोणत्याही व्यक्तीस मृत्युपत्र करता येते. साधा कागद पुरतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ज्यांना मिळकतीतून काही मिळावयाचे आहे, त्यांना साक्षीदार करू नये हे बरे. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि उतारवयात केलेल्या मृत्युपत्राची नोंदणी करून सोबत प्रकृतीविषयी डॉक्टरांचा दाखला जोडल्यास पुढील शंकांना वाव कमी राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असे सुशिक्षितही समजतात. नामनिर्देशित व्यक्ती सर्वसाधारणपणे रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. तसेच मृत्युपत्राने केवळ स्वतःचा हिस्सा देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही जन्मतः समान हक्क आहे. तो वडिलांना मृत्युपत्राने काढून घेता येत नाही.

मिळकतीची व्यवस्था मृत्यूनंतरची झाली. परंतु माणूस जिवंत आहे, बोलू शकत नाही, बरे होण्याची आशा उरलेली नाही आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा काय असे डॉक्टर विचारीत आहेत, अशा वेळी उत्तर कोणी द्यावे? थोरला नको म्हणतो, धाकटीला ते निष्ठुरपणाचे वाटते. दोघांचेही प्रेम खरे असते आणि हा सल पुढे आयुष्यभर राहतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत अंथरुणास खिळून होत्या. त्यांचे उपचार थांबवावेत अशी याचिका झाली. त्यांची माया लावून शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा तिला विरोध होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती विनंती अमान्य केली, मात्र काही परिस्थितीत उपचार थांबविण्याचे तत्त्व मान्य केले. त्या साऱ्या वादात खुद्द अरुणाताईंचा शब्द तेवढा उपलब्ध नव्हता.

तो शब्द आधी लिहून ठेवण्याचा मार्ग घटनापीठाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने खुला झाला. मूळ पद्धतीत न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, त्यामुळे ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांचे साक्षांकन घेता येते. कोणते उपचार कोणत्या अवस्थेत नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात स्पष्ट असावे. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याने इच्छेच्या योग्यायोग्यतेत शिरावयाचे नसते. ती स्वखुशीने व समजून लिहिली आहे एवढीच खात्री करावयाची असते.

या कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवावयाची आहे. म्हणजे हे काम महानगरपालिकेइतकेच ग्रामीण स्थानिक संस्थांच्याही कक्षेत येते. पंचायत सदस्यांनी आपल्या भागासाठी कोणता अधिकारी नेमला आहे याची चौकशी करून ती माहिती सूचनाफलकावर लावावी.

असा कागद केल्याने उपचार लगेच थांबतात ही भीती निराधार आहे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असेतोवर त्याचाच शब्द चालतो. त्यानंतरही रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ व पुन्हा दुसरे मंडळ यांची संमती लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इंजेक्शन देऊन मृत्यू घडविण्यास कायद्याची मुभा नाही.

दोन्ही दस्तऐवज हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतात. बदल मात्र लेखी आणि त्याच रीतीने करावा. मूळ प्रत कोणत्या कपाटात आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.